झाकणाखाली

हेरंबला कंपनीने वीस वर्षांच्या नोकरीबद्दल
एक घड्याळ दिलं, आणि दोघांसाठी हे कूपन.
घड्याळ पहिल्याच आठवड्यात मागे पडू लागलं.
कूपनाची मुदत आज संपते,
म्हणून शनिवारी सकाळी आम्ही मनामाच्या संग्रहालयात,
इस्त्रीचे कपडे, रिकामी पोटं.

जेवण अकराला. तोवर आत बघून या, म्हणाले,
त्याचेही पैसे कूपनात धरलेत.
हेरंब फुकटाचं काही सोडत नाही.
मीही नाही. संसार तेवढ्यावर जुळलाय आमचा.

काचेमागे चार हजार वर्षांपूर्वीचा माणूस
कुशीवर झोपलेला, गुडघे पोटाशी,
हात तोंडाजवळ. शेजारी मडकं.
"डबा दिलाय बरोबर," हेरंब म्हणाला.
पुढे सिंधूकाठची वजनं: दगडाचे गुळगुळीत ठोकळे,
ठिपके पुसून गेलेल्या फाशांसारखे.
आपल्या बाजूचं कुणी व्यापाराला आलं होतं
आणि वजनं इथेच राहिली.
मला उगाच बरं वाटलं.
म्हणजे सामान मागे टाकणारे आपण पहिले नाही.

आणि मग ते वाडगे.
साधे, मातीचे,
मी विरजण लावते तेवढेच.
आत साप. सापाचा सांगाडा,
वेटोळं मोडू न देता ठेवलेला,
आणि एकात, सापाजवळ, बारीकसा मणी.
जमिनीखाली पुरले होते, झाकून.
का, ते सांगणाऱ्या पाटीवर
'बहुधा' हा शब्द दोनदा होता.

बाहेर समुद्राच्या अंगाला
चकचकीत झाकणांची रांग.
प्रत्येक उचलताना माझा हात जरासा अडे.
एकाखाली वाफाळता बाकला, लिंबू, जिरं.
एकाखाली वांगं, टोमॅटोत पार विरघळलेलं.
एकाखाली बलालीत: गोड शेवया,
केशर, वेलची, गुलाबपाणी,
आणि वर पांघरूण घातल्यासारखं ऑम्लेट.
शेवयांवर! अंडं!
मी आधी मागे वळून पाहिलं,
आमच्या कमलआत्या जाऊन बारा वर्षं झाली तरी.
मग घास घेतला.
मग दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"ताई, हमूर नका घेऊ, कालचा आहे.
साफी घ्या, पहाटे आलाय."
तव्यामागून, हळू आवाजात, मराठीत.
नजीर सरखोत, बाणकोटचा,
इथे अकरा वर्षं.
"आत जाऊन आलात? कसं आहे?"
तो कधी गेलाच नव्हता.
त्याचं दार मागे, भाजीचा ट्रक लागतो तिथे,
आणि सुट्टी ज्या दिवशी, त्याच दिवशी संग्रहालयाला कुलूप.

मग मी हातात ताट धरून
त्याला सापाचा वाडगा सांगितला.
त्याने एक अंडं फोडलं, ऐकलं,
उलथलं, ऐकलं.
"खायला होता?"
"नसावा."
"मग राखणीला," तो म्हणाला, मीठ टाकत,
जसं कुणी पत्ता सांगावं.
"आमच्या घराला होता एक, न्हाणीजवळ.
आई अंडं ठेवायची त्याला.
मारायचा नसतो."

पाटी लिहिणाऱ्याला हे कळवावं असं वाटलं,
पण मागून कुणीतरी
चीज नसलेलं, पिवळं नसलेलं,
जवळजवळ काहीच नसलेलं ऑम्लेट मागितलं
आणि नजीर इंग्रजीत गेला.

हेरंब चौथ्या ताटावर होता.
पाणी इतकं सपाट, की एक होडी
त्यावर नुसती ठेवून दिलेली.
आम्ही फार बोललो नाही. जेवलो.
वीस वर्षांत इतका वेळ
एका टेबलाशी आम्ही बसलो नसू,
त्याच्या घड्याळात तर अजून अर्धा तास शिल्लक होता.

निघताना त्याने खजुराचे दोन मामूल
कागदी रुमालात गुंडाळले
आणि माझ्या पर्समध्ये सरकवले.
'खाद्यपदार्थ बाहेर नेऊ नयेत' ही पाटी
तीन भाषांत होती, आमच्या नव्हती.
मी चेन ओढून घेतली.

दाराशी कुणी उघडायला लावलीच असती
आणि विचारलं असतं, हे कशाला,
तर सांगणार होते:
बहुधा राखणीला.